बिनाप्रूफाची पोथी

धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये पितांबरशेठचा छापखाना होता आणि तिथं झुलाल आधार हा कंपोजिटर होता. शिशाची एकेक उलटी अक्षरं खणांतून उचलायची, ओळीत लावायची, ओळींची पानं बांधायची, हे काम त्यानं एकतीस वर्षं केलं. त्यामुळं त्याची बोटं कायमची काळी झाली आणि स्वभाव कायमचा किरकिरा झाला. बोटं घासलेटनं थोडीफार निघत. स्वभावाला औषध नव्हतं.

लोक लग्नाला जेवायला जातात, झुलाल पत्रिका वाचायला जायचा. मांडवात वरबापाला गाठून म्हणायचा, ‘‘भाऊ, ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ पाहिजे. कुठं छापली?’’ एकदा तर कोणाच्या तरी दहाव्याला जाऊन आला आणि तिथं रडणाऱ्या मुलाच्या कानात हळूच सांगून आला, की कार्डावर ‘शोकाकुल’मधला कु दीर्घ पडलाय. मुलगा रडायचा थांबला, हे खरं. पण त्यानंतर त्या घराचं एकही काम पितांबरशेठकडं आलं नाही.

छापखान्यात पान बांधून झालं की आधी एक कच्चा कागद काढतात, तो वाचून चुका दुरुस्त करतात आणि मगच मशीन सुरू होतं. त्या कच्च्या कागदाला म्हणतात प्रूफ. झुलालनं हा शब्द उचलला आणि सगळ्या जगाला लावला. कोणी म्हणालं, पांझरेच्या काठच्या चिंचेवर भूत आहे, की झुलाल विचारायचा, ‘‘प्रूफ वाचलं का?’’ कोणी म्हणालं, अमक्याची सून फार गुणाची आहे, तरी तेच. तो राहायचा त्या देवपुरात त्याला सगळे प्रूफभाऊच म्हणायचे. त्याला ते आवडायचं, कारण त्याला वाटायचं, लोक कौतुकानं म्हणतात.

आणि गंमत अशी, की छापखाना चालायचा दोनच गोष्टींवर, लग्नपत्रिका आणि पोथ्या. वाराच्या पोथ्या, व्रताच्या पोथ्या, महिन्याच्या पोथ्या. सोळा पानं, पिवळं कव्हर, मधे दोन टाचण्या. खानदेशातल्या निम्म्या देवघरांतल्या पोथ्या झुलालच्या बोटांखालून गेल्या होत्या आणि झुलालचा त्यातल्या एकीवरही विश्वास नव्हता. ‘‘देवाचं नाव मी रोज उलटं लावतो, तेव्हा कुठं तुम्हाला ते सुलट दिसतं,’’ असं तो म्हणायचा. ‘‘ज्या पानाला तुम्ही हळदीकुंकू वाहता ना, ते मी परवाच घासलेटच्या चिंधीनं पुसलंय.’’

त्याची बायको बेबाबाई चांगली देवभोळी. तिला हे ऐकवत नसे.

‘‘पोथीमा लिखेल शे ते खोटं ऱ्हाई का?’’ ती म्हणायची.

‘‘ज्यानी लिखं, त्यानी देखं व्हतं का?’’

‘‘मंग तुम्ही देखं व्हतं का, की त्यानी नही देखं?’’

यावर झुलाल घासलेटची चिंधी घेऊन बोटं पुसायला बसायचा. त्याला वाटायचं, बाईमाणसाशी कोण वाद घालणार. खरं म्हणजे बोटं आधीच पुसून झालेली असायची.

आता झुलालच्या घराचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. देवपुरात वडलांचं, आधारबापूचं, जुनं चार खणांचं घर, आणि त्यात दोन भाऊ. थोरला भाईदास, धाकटा झुलाल. झुलाल सहा वर्षांचा असताना भाईदासची बायको द्रौपदाबाई या घरात लग्न होऊन आली. आईला दमा, ती अंथरुणाला खिळलेली. त्यामुळं झुलालचं नाक पुसण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं या वहिनीनं केलं. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. झुलाल पहिला पगार घेऊन आला तेव्हा त्यानं तो आईच्या आधी वहिनीच्या हातात ठेवला. आईनं ते पाहिलं आणि तिला बरंच वाटलं.

बेबाबाई आल्यावर एका चुलीवर दोन जावा, हेही वीस वर्षं बरं चाललं. एक्याऐंशी साली भावांनी घर वाटून घेतलं, तेही गोडीगुलाबीनं. मधे एक भिंत घातली, दोन दारं केली. भांडी वाटली, गोधड्या वाटल्या, पाटा एकीला, वरवंटा दुसरीला असला मूर्खपणासुद्धा केला नाही. पण एक वस्तू अशी निघाली, की ती एकच होती आणि ती दोघींना हवी होती. सासूचं खापर.

खापर म्हणजे मोठं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि हातावर फिरवून फिरवून मोठी केलेली पुरणपोळी त्याच्यावर पसरायची. तव्यावरच्या पोळीला खानदेशात पुरणपोळी म्हणतात, पण जरा खालच्या आवाजात म्हणतात. नव्या खापराला पोळी चिकटते. ते वर्षानुवर्षं तापून, तेल पिऊन तयार व्हावं लागतं, आणि सासूचं खापर तर तीस वर्षांचं, आरशासारखं झालेलं. ठरलं असं, की यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एकत्र करू, मग काय ते बघू.

आखाजीला पोळ्या झाल्या. सगळे जेवले. खापर चुलीवरून उतरवताना एका बाजूनं द्रौपदाबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं बेबाबाईनं. मधेच ते जमिनीवर पडलं आणि त्याचे सात तुकडे झाले.

‘‘तिनीच सोडं,’’ द्रौपदाबाई म्हणाली.

‘‘मी नही सोडं, तिनीच सोडं,’’ बेबाबाई म्हणाली.

मराठीत खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं लागतं, असं म्हणतात ते उगीच नाही. कोणी सोडलं, याचा पुरावा नव्हता. पाहणारे दोनच जण, आणि ते दोघे भाऊ त्या वेळी पान खायला बाहेर गेले होते. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. एकीनं अंगण झाडलं, की दुसरी आपल्या वाट्याचं अंगण पुन्हा झाडायची. भाऊ बोलायचे, पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून. झुलालला वहिनीच्या दारात जायची चोरी झाली. भिंतीपलीकडं वहिनी खोकली, की तो कान टवकारायचा आणि बेबाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, की खाली बघून ताटातलं वरण चाटायचा. चाळीस वर्षांचा बाप्या, पण आतून पोरका झाला होता. प्रूफ मागायची सवय असलेल्या माणसाला हे कोणाला सांगता येत नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली आणि त्र्याऐंशीच्या दिवाळीच्या तोंडावर वना गुरुजी आले.

वना गुरुजी हे पिंपळनेरचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या आजीनं सांगितलेली चुलाई माउलीची कहाणी त्यांनी तरुणपणी वहीत उतरवून ठेवली होती. ती छापून वाटावी, असं त्यांच्या मनात आलं. कार्तिकातले चार रविवार चुलीची पूजा करायची, कहाणी वाचायची आणि चौथ्या रविवारी उद्यापन करायचं, असं ते व्रत. गुरुजी हस्तलिखित देऊन गेले. दिवाळी चार दिवसांवर, छापखान्यात नुसती धांदल. प्रूफ पिंपळनेरला पाठवायचं, ते गुरुजींनी वाचून परत पाठवायचं, म्हणजे आठवडा जाणार.

‘‘राहू दे प्रूफ,’’ पितांबरशेठ म्हणाले. ‘‘सोळा पानांत काय चुकतंय? तू जुळव आणि चढव.’’

झुलालला हे पटलं नाही. त्यानं तसं सांगितलं. शेठनी ऐकलं नाही. अशा रीतीनं जन्मभर जगाकडं प्रूफ मागणाऱ्या माणसाच्या हातून एक पोथी बिनाप्रूफाची छापली गेली.

त्यातलं चौदावं पान जुळवत होता तो दिवसही नेमका वाईट. सकाळीच घरी बेबाबाईनं भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं जावेचा उद्धार केला होता आणि पलीकडून द्रौपदाबाईनं भिंतीकडंच तोंड करून तो परत पाठवला होता. झुलालच्या डोक्यात जाऊ, जाऊ, जावेचं, जावेला, असं घोंघावत होतं. उद्यापनाची ओळ जुळवून झाली आणि ती उचलताना शेवटची चार अक्षरं बोटांतून निसटून खाली सांडली. ‘जा’ तेवढा राहिला. झुलालनं पुढची अक्षरं खणातून पुन्हा उचलून लावली, उरलेल्या फटीत शिशाचा तुकडा ठोकला आणि पान बांधून टाकलं. हस्तलिखित पाहायला त्याला सवड नव्हती. हाताला पाठ असतं, असं तो नेहमी म्हणायचा.

पोथी छापून झाली. कामगाराला एक प्रत फुकट मिळायची, ती त्यानं घरी आणून दिली. बेबाबाईनं कार्तिकाचा पहिला रविवार धरला. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी धरला. चौथ्या रविवारी सकाळी झुलाल चहा पीत बसला होता आणि बेबाबाई बोट ठेवून ठेवून उद्यापनाचा विधी वाचत होती.

‘‘चौथे रविवारी जावेस घरी बोलवावे. पाटावर बसवावे. आपल्या हाताने पुरणपोळी वाढावी. रुसवा असल्यास तो काढावा. पुढ्यातले पात्र रिकामे राहू नये, ऐसी माउलीची आज्ञा...’’

बेबाबाई थांबली. तिनं पुन्हा वाचलं. मग तिनं पोथी नवऱ्यापुढं धरली.

‘‘हाई काय लिखेल शे?’’

झुलालनं पाहिलं आणि कप खाली ठेवला. गुरुजींच्या हस्तलिखितात काय होतं, ते आता त्याला लख्ख आठवलं. गुरुजींनी लिहिलं होतं ‘जावयास’. दिवाळीनंतर लेकीचा नवरा घरी येतो, तो रुसतो, त्याचा रुसवा काढायचा, त्याला पुरणपोळी घालायची. सरळ गोष्ट. यातला ‘वयास’ खाली सांडला आणि त्याच्या जागी झुलालच्या हातानं ‘वेस’ लावला. जावयाच्या ताटावर त्यानं जाऊ आणून बसवली होती.

‘‘तुम्ही बठ्ठ्या लोकसन्या चुका काढतस,’’ बेबाबाई म्हणाली. ‘‘मंग सांगा. चूक ते नही ना हाई?’’

आता बघा. ज्या माणसानं दहाव्याच्या कार्डावरचा कु सोडला नाही, त्याला त्याच्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा मानानं विचारलं होतं, की यात चूक आहे का. उत्तर त्याला माहीत होतं, पुरावा, म्हणजे गुरुजींचं हस्तलिखित, त्यानं घरी आणून ट्रंकेत ठेवला होता. झुलालनं कपातला उरलेला चहा संपवला, मिशा पुसल्या.

‘‘छापेल शे ना?’’ तो म्हणाला. ‘‘मंग बरोबरच व्हई.’’

बेबाबाईनं पोथी चुलीपुढं ठेवली. मग उठली, पदर नीट केला, कुंकवाचा करंडा घेतला आणि दार उघडलं. त्याच क्षणाला शेजारचं दार उघडलं. द्रौपदाबाई उंबऱ्यात उभी, तिच्याही हातात कुंकवाचा करंडा. तिनंही चार रविवार धरले होते, तिनंही पोथी वाचली होती आणि जावेला बोलवायची पाळी तिच्यावरही आली होती.

‘‘जेवाले ये,’’ बेबाबाई म्हणाली.

‘‘तूच ये. मी मोठी शे.’’

‘‘मी आगोदर बोलनू.’’

दोन वर्षांनी तोंड उघडलं ते पुन्हा भांडायलाच. पण या भांडणात झुलाल इतका आनंदला, की दोघींना थांबवायलासुद्धा गेला नाही. शेवटी भाईदासनं निकाल दिला, की सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं. त्या संध्याकाळी झुलाल वहिनीच्या घरी पाटावर बसून जेवला. वहिनीनं त्याच्या ताटात तूप वाढताना म्हटलं, ‘‘दुबळा व्हई गया रे झुलाल.’’ त्यानं मान वर केली नाही, कारण डोळे भरून आले होते. पोळी तव्यावरची होती. खापराचं नाव कोणी काढलं नाही.

पोथी मात्र चालली. धुळ्याच्या बस स्टँडवर चालली, जळगावच्या चालली, मुक्ताईनगरच्या जत्रेत गोणीवर मांडून विकली गेली. तीन आवृत्त्या निघाल्या, तिन्ही बिनाप्रूफाच्या, कारण शेठ म्हणाले, चाललेल्या पोथीला हात लावू नये. एकदा झुलाल जळगावच्या एसटीत बसला होता. पुढच्या बाकावरची एक बाई दुसरीला सांगत होती, ‘‘चुलाईमुळं मला त्या मेलीला पाटावर बसवावं लागलं बघ. सहा वर्षं तोंड पाहिलं नव्हतं.’’ दुसरी म्हणाली, ‘‘मग?’’ पहिली म्हणाली, ‘‘मग काय, आता तिचा पोऱ्या आमच्याकडंच राहून कॉलेज करतो.’’ झुलाल खिडकीबाहेर बघत बसला. आपल्या चुकीनं खानदेशात किती पोळ्या लाटल्या गेल्या असतील, याचा तो हिशोब करत होता. त्याला लाजही वाटत होती आणि खोटं कशाला सांगा, थोडी ऐटही वाटत होती.

आपल्या घरी मात्र माउलीची कृपा बेतानंच झाली. दोघी जावा बोलायच्या, पण पोथीपुरत्या. कार्तिकाचा चौथा रविवार उजाडला, की ये, बस, घे, आणखी एक घे. सोमवारी पुन्हा दोन अंगणं, दोन झाडू. आज्ञा होती तेवढी पाळली, वर एक शब्द नाही. त्र्याण्णव साली भाईदास गेला. त्यानंतर द्रौपदाबाई भाच्याकडं नशिराबादला राहायला गेली. बेबाबाईनं तिला ‘राह’ म्हटलं नाही, तिनं ‘राहते’ म्हटलं नाही. पण कार्तिकाचा चौथा रविवार आला, की सकाळच्या एसटीनं ती नशिराबादहून यायची, जेवायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. वर्षातला तो एक दिवस. झुलाल उरलेलं वर्ष त्या दिवसाची वाट बघायचा.

शहाण्णव साली छापखान्यात कॉम्प्युटर आला. शिशाचे खण भंगारात गेले आणि झुलालनंही दिवाळीनंतर निवृत्त व्हायचं ठरलं. दिवाळीच्या आधी पितांबरशेठनी त्याला बोलावलं. टेबलावर चुलाईच्या पोथीचे सोळा कागद होते, कॉम्प्युटरवर टाइप करून काढलेले.

‘‘वना गुरुजींचं पत्र आलंय,’’ शेठ म्हणाले. ‘‘मोतीबिंदू काढला, आता त्यांना पोथी स्वतः वाचायची आहे. नवी आवृत्ती मूळ हस्तलिखिताशी ताडून छापा म्हणतात. हस्तलिखित तुझ्याकडंच आहे ना? जाता जाता एवढं प्रूफ वाचून दे. तुझ्या सहीशिवाय मशीन सुरू करत नाही.’’

तेरा वर्षांनी पोथीचं प्रूफ निघालं आणि ते झुलालच्याच हातात आलं. बरोबर ते करावं, तर ‘जावेस’ खोडून ‘जावयास’ लिहायचं. मग नशिराबादच्या एसटीत वहिनीनं कशाला बसायचं? त्यात याच वर्षी त्याच्या लेकीचं, प्रमिलाचं लग्न झालेलं. घरात नवाकोरा जावई तयार होता, पाट मांडायचीच खोटी. आणि चूक तशीच ठेवावी, तर एकतीस वर्षं लोकांना काय तोंडानं टोकलं?

जड मनानं तो पिंपळनेरला गेला. गुरुजी ऐंशीचे, जाड चष्मा लावून ओट्यावर बसले होते. झुलालनं हस्तलिखित पुढं ठेवलं आणि सगळं कबूल केलं. सांडलेली अक्षरं, सकाळचं भांडण, वहिनी, सगळं.

‘‘म्हणजे तेरा वर्षं बायका जावांना जेवायला घालताहेत?’’ गुरुजींनी विचारलं.

‘‘हो गुरुजी. खरं काय ते तुमच्या या कागदावर आहे. तुमच्या आजीचे शब्द.’’

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. झुलालला वाटलं, म्हातारा रडतोय. पण ते हसत होते.

‘‘झुलालभाऊ, आजीला एकही दात नव्हता हो. ती ‘जावंश’ असं काहीतरी म्हणायची. मी ‘जावयास’ लिहिलं. ते साल होतं सदतीस, आणि आदल्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालेलं. मीच नवा जावई होतो. मला दुसरं काय ऐकू येणार?’’

‘‘मग आजी नेमकं काय म्हणाल्या होत्या?’’

‘‘ते आता आजीलाच ठाऊक. आणि तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं.’’ गुरुजींनी कागद घडी करून परत दिला. ‘‘तुम्हीच ठरवा. मला पोथी वाचायची आहे, एवढंच.’’

झुलाल तीन तास एसटीत बसून परत आला तो जास्तच चिडून. मुळालाच प्रूफ नाही, म्हणजे काय! गुरुजींच्या कानात जावई होता, आपल्या डोक्यात जाऊ होती, आणि म्हातारीच्या तोंडात दात नव्हते. पण कंपोजिटरनं हस्तलिखित बघायचं, म्हातारीचे दात मोजायचे नाहीत, असं त्यानं स्वतःला बजावलं. घरी येऊन त्यानं दारातच प्रूफ मांडीवर घेतलं, चौदाव्या पानावर ‘जावेस’वर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘जावयास’. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, पण सही त्यानं लांबणीवर टाकली.

तेवढ्यात मागच्या अंगणातून कसला तरी जळका वास आला. जाऊन बघतो, तर बेबाबाई चुलीपुढं बसलेली आणि चुलीवर एक नवं खापर पालथं. ती त्याला चिंधीनं तेल चोपडत होती.

‘‘हाई कोठून उनं?’’

‘‘कुंभारकडथीन आनं. महिना व्हयना, रोज तपाडी ऱ्हायनू. तुम्हले घरमा काय चालस, कोठे दिसस?’’ बेबाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. ‘‘या साली खापरवरनी पोळी करसू. तिले तव्यावरली आवडत नही. तेरा वरीस गुपचूप खाई ऱ्हायनी, एक सबद बोलनी नही.’’

ती पुन्हा तेल चोपडायला लागली. धूर डोळ्यांत जात होता, असं तिनं दाखवलं. झुलाल तिथंच उभा राहिला. पस्तीस वर्षं जिला आपण देवभोळी, देवभोळी म्हणून चिडवलं, तिनं तेरा वर्षं जावेच्या ताटाकडं इतकं बारकाईनं पाहिलं होतं आणि आपण मात्र काने-मात्रे पाहत बसलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

प्रूफ वाचणाऱ्यांची एक रीत आहे. खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल, तर त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात तसं लिहितात. झुलालनं ‘जावेस’खाली पाच टिंबं दिली. समासातलं ‘जावयास’ खोडलं आणि लिहिलं, ‘आहे तसेच राहू द्यावे.’ शेवटच्या पानावर सही केली, ‘मुळाशी ताडून पाहिले. झुलाल आधार.’ आणि यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, असं तो पुढं मरेपर्यंत सांगत राहिला.

चौथ्या रविवारी नशिराबादची एसटी आली. द्रौपदाबाई पासष्टीची, काठी टेकत आली. दारातून आत शिरली आणि चुलीवर खापर बघून जागच्या जागी उभी राहिली. मग द्रौपदाबाईनं काठी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि पुरणाचा गोळा उचलून हातावर फिरवायला लागली. प्रमिलाला न्यायला नवा जावईही नेमका त्याच दिवशी आला होता. तो पाटाकडं निघाला, तर बेबाबाईनं त्याला खाटेवर बसवलं.

‘‘तुम्ही थांबा, जवाईबापू. आज तुम्हनी पाळी नही. पोथीमा जाऊ शे.’’

जावई रुसला. झुलालनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

पोळ्या झाल्या आणि खापर उतरवायची वेळ आली. एका बाजूनं द्रौपदाबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं बेबाबाईनं.

‘‘सोडू नको,’’ एक म्हणाली.

‘‘तू सोडू नको,’’ दुसरी म्हणाली.

खापर जमिनीवर नीट टेकलं. दोघींनी एकदमच हात काढले आणि दोघी एकदमच हसल्या.

जेवताना झुलालला राहवेना. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘वहिनी, समज, हाई पोथी खोटी निंघनी, मंग?’’

द्रौपदाबाईनं तोंडातला घास संपवला. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं त्याचा पाढा चुकल्यावर पाहायची.

‘‘खोटी? तेरा वरीस मी आठे ईसन जेवनू, ते खोटं शे का रे?’’

‘‘आते दुपारनी गाडी नको धरू,’’ बेबाबाई मधेच म्हणाली. ती हे पोळीकडं बघून म्हणाली. ‘‘आते आठेच ऱ्हाय.’’

द्रौपदाबाईनं ताट पुढं सरकवलं. तिनं आणखी एक पोळी मागितली.

झुलालनं पाटाजवळ ठेवलेली नवी पोथी उगीचच हातात घेतली. पानं चाळता चाळता नवव्या पानावर त्याची नजर अडली. ‘माउली’ची ली र्‍हस्व छापली होती. त्याच्या सहीच्या प्रूफातून सुटलेली ढळढळीत चूक. त्यानं तोंड उघडलं. मग गाडीची वेळ झाली तरी कोपऱ्यातच असलेल्या वहिनीच्या काठीकडं पाहिलं, पोथी मिटली आणि बेबाबाईला म्हणाला, मलाही एक वाढ.